सहआरोपीचा कबुलीजबाब आणि फसवणुकीचे अपील : 'विचारात घेण्या'च्या क्रमाचा इतिहास

१८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमातील तिसाव्या कलमाला दोन उदाहरणे जोडलेली होती आणि ती दोन्ही खुनाची होती. 'क'च्या खुनाबद्दल 'अ' आणि 'ब' यांच्यावर एकत्र खटला चालू आहे. 'ब' आणि मी मिळून 'क'ला मारले, असे 'अ' म्हणाल्याचे शाबीत झाले, तर 'अ'च्या या बोलण्याचा 'ब'वर होणारा परिणाम न्यायालयाने विचारात घेण्यास हरकत नाही. हे पहिले उदाहरण. दुसऱ्यात खटला एकट्या 'अ'वर आहे, आणि मी व 'अ'ने मिळून मारले असे म्हणणारा 'ब' त्या खटल्यात आरोपी नाही. म्हणून त्याचे बोलणे 'अ'विरुद्ध विचारात घ्यावयाचे नाही. विधिकर्त्यासमोर या कलमाचे जे चित्र होते ते असे होते : एक प्रेत, दोन संशयित, आणि त्यांपैकी एकाचे तोंड उघडलेले. पैशाचा, दस्तऐवजाचा किंवा हिशेबाच्या वह्यांचा त्यात उल्लेख नाही. पुढच्या दीडशे वर्षांत मात्र या कलमाची खरी कसोटी अफरातफरीच्या, बनावट दस्तांच्या आणि कटाने केलेल्या फसवणुकीच्या खटल्यांत लागत गेली. तिथे लागू झालेले नियम खुनाच्या अपिलांत घडलेले होते. ते फसवणुकीला कितपत मानवले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

एकाच्या कबुलीने दुसऱ्याला बांधावे काय, हा प्रश्न इंग्रजी राजवटीने प्रथम उपस्थित केला असे नाही. धर्मशास्त्रातील व्यवहारप्रकरणात प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार सांगितले आहेत : मिथ्या, संप्रतिपत्ती, प्रत्यवस्कंदन आणि प्राङ्न्याय. यांपैकी संप्रतिपत्ती म्हणजे कबुली. ती मिळाली की साधनाची, म्हणजे पुराव्याची, गरज उरत नाही आणि चतुष्पाद व्यवहार दोनच पायांवर थांबतो. पण ही सारी मांडणी उत्तर देणाऱ्याच्या स्वतःच्या दायित्वापुरती आहे. आपल्या उत्तराने शेजारी उभ्या असलेल्याचा वाद मिटविण्याचा अधिकार तिने कोणाला दिलेला दिसत नाही. इंग्रजी सामान्य विधीची भूमिकाही मुळात याहून वेगळी नव्हती. आरोपीची कबुली ही त्याच्याविरुद्ध पुरावा, सहआरोपीविरुद्ध नव्हे, असा तिथला नियम होता, आणि तसे ज्यूरीला न्यायाधीशाने बजावून सांगावयाचे असे.

अधिनियमाचा शिल्पकार जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याने हा नियम हिंदुस्थानात मोडला. मात्र पूर्णपणे मोडला नाही. कलमाच्या शब्दयोजनेत त्याची चाचपडणारी सावधगिरी उमटली आहे. इतरत्र हा अधिनियम 'संबद्ध आहे', 'शाबीत करता येईल', 'निर्णायक पुरावा होय' अशी निश्चित क्रियापदे वापरतो. इथे तो एवढेच म्हणतो की, न्यायालय असा कबुलीजबाब 'विचारात घेऊ शकेल'. त्याला वजन किती द्यावयाचे आणि तो कोणत्या टप्प्यावर विचारात घ्यावयाचा, याबद्दल कलम मौन पाळते. अटी मात्र तीन आहेत आणि त्या काटेकोर आहेत. खटला एकत्र चालला पाहिजे. तो एकाच अपराधाबद्दल असला पाहिजे. आणि कबुली देणाऱ्याने दुसऱ्याबरोबर स्वतःलाही गुंतविलेले असले पाहिजे. तिसऱ्या अटीमागची धारणा अशी की, जो स्वतःच्या गळ्यात फास अडकवून घेतो तो शपथेविनाही खरे बोलण्याची शक्यता अधिक. शपथ आणि उलटतपासणी यांच्या जागी विधिकर्त्याने स्वतःला होणारा धोका ठेवला. हा मोबदला पुरेसा आहे काय, याबद्दल न्यायाधीशांच्या मनातील शंका पुढे कधीच मिटली नाही.

'एकच अपराध' या शब्दांचा विस्तार

प्रारंभी 'एकच अपराध' या शब्दांनी कलमाची व्याप्ती बरीच अरुंद ठेवली होती. एकाने बनावट दस्त तयार केला, दुसऱ्याने तो खरा म्हणून वापरला आणि तिसऱ्याने त्याच्या आधारे पैसे उचलले, तर दंड संहितेच्या दृष्टीने हे तीन वेगळे अपराध होतात : बनावटीकरण, बनावट दस्ताचा वापर आणि ठकवणूक. एकाची कबुली दुसऱ्याला लागू करण्यात त्यामुळे अडचण होती. ही अडचण दोन दुरुस्त्यांनी दूर झाली, आणि त्यांपैकी एक तर पुरावा अधिनियमात नव्हतीच. १८९१ च्या दुरुस्ती अधिनियमाने तिसाव्या कलमाला स्पष्टीकरण जोडून अपराधात त्याचे अपप्रेरण आणि प्रयत्न यांचा समावेश केला. १९१३ मध्ये दंड संहितेत फौजदारीपात्र कटाची १२०-अ आणि १२०-ब ही कलमे आली. राज्याविरुद्धच्या कटासाठी स्वतंत्र तरतूद आधीपासूनच होती. नव्या कलमांमुळे कोणताही अपराध करण्याचा नुसता करार हाच स्वतंत्र अपराध झाला. ज्या आरोपींची कृत्ये भिन्न, गावे भिन्न आणि कित्येकदा परस्परांची ओळखही नाही, ते सर्व एकाच दोषारोपाखाली 'एकाच अपराधा'चे आरोपी म्हणून एकत्र उभे करणे शक्य झाले. आर्थिक गुन्ह्यांच्या बहुतेक मोठ्या दोषारोपपत्रांत कटाचे कलम प्रथम लिहिले जाते, त्याचे एक कारण हे आहे. या दुरुस्तीचा तिसाव्या कलमावर झालेला परिणाम अभ्यासकांनी जितका नोंदवावयास हवा होता तितका नोंदविलेला नाही.

कट म्हटला की पुरावा अधिनियमाचे दहावे कलमही पुढे येते. कटातील एकाने समान उद्देशाला अनुलक्षून केलेले बोलणे वा लिहिणे त्या कलमाखाली सर्वांविरुद्ध चालते, आणि तेथे कबुलीचीही अट नाही. मग तिसाव्या कलमाची गरजच काय? याचे उत्तर प्रिव्ही कौन्सिलने १९४० मध्ये मिर्झा अकबर खटल्यात दिले. कट चालू असताना, तो पुढे नेण्यासाठी केलेली विधाने दहाव्या कलमात बसतात. कट संपल्यावर गतगोष्ट म्हणून केलेली कथने बसत नाहीत. कबुलीजबाब हा स्वभावतःच अटकेनंतरचा, म्हणजे कट फुटल्यानंतरचा असतो. त्यामुळे कटाच्या खटल्यातील कबुलीला तिसाव्या कलमाच्या दारानेच आत यावे लागते, आणि त्या दाराशी न्यायाधीशांनी जो पहारा बसविला तो लागू पडतो.

चार न्यायाधीश

हा पहारा बसविणाऱ्या चार प्रमुख निकालांचे लेखक या ना त्या नात्याने महाराष्ट्राशी संबंधित होते, हा योगायोग असला तरी लक्षणीय आहे. सर लॉरेन्स जेंकिन्स १८९९ ते १९०८ या काळात मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती होते व नंतर ते कलकत्त्यास गेले. तेथे १९११ मध्ये ललितमोहन चक्रवर्ती खटल्यात त्यांनी सहआरोपीच्या कबुलीचे स्थान एका छोट्या वाक्यात ठरविले : तिचा उपयोग इतर पुराव्याला बळकटी देण्यापुरताच. तो राजकीय कटाचा काळ होता आणि अटकेतील तरुणांच्या कबुलीजबाबांनी सरकारी दप्तरे भरली होती. अशा वेळी एका इंग्रज मुख्य न्यायमूर्तीने हे लिहावे, यातील धैर्य मान्य केले पाहिजे.

दुसरे सर जॉन बोमाँट. १९३० ते १९४३ पर्यंत तेही मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती होते. १९४९ मध्ये भुबनी साहू खटल्यात त्यांनी प्रिव्ही कौन्सिलचे मत लिहिले. ओरिसातील एका खुनाच्या या खटल्यात माफीचा साक्षीदार होता आणि मागाहून मागे घेतलेली एका सहआरोपीची कबुलीही होती. या दोन दुबळ्या काठ्या एकमेकींना टेकवून उभ्या करता येतील काय, असा प्रश्न होता. बोमाँट यांनी नकार दिला. त्यांची कारणे पुढील प्रत्येक निकालात आली : सहआरोपीची कबुली शपथेवर दिलेली नसते, ती ज्याला बाधते त्याच्या समक्ष दिलेली नसते, तिची उलटतपासणी होऊ शकत नाही, आणि अधिनियमाच्या तिसऱ्या कलमातील 'पुरावा' या व्याख्येतही ती बसत नाही. माफीच्या साक्षीदाराला निदान पिंजऱ्यात उभे राहून प्रश्न सोसावे लागतात. कबुली देणारा आरोपी तेही सोसत नाही. म्हणून त्याचे कथन माफीच्या साक्षीदाराहूनही हीन दर्जाचे. दोषी माणसांबरोबर निर्दोषांचीही नावे गोवण्याची प्रवृत्ती हिंदुस्थानात विशेष आढळते, असा शेरा याच निकालात आहे. त्या शेऱ्यातील साम्राज्याचा स्वर आज खटकतो. नावे गोवण्याची प्रवृत्ती कोणत्याही देशातील अटकेत असलेल्या माणसाची असते.

तिसरा निकाल नागपूरच्या न्यायपरंपरेतून आलेले न्या. व्हिव्हियन बोस यांचा, १९५२ चा. आणि त्याचे स्थळ गोंदिया, जे त्या वेळी मध्य प्रदेशात होते. काश्मिरासिंग हा तेथील अन्नधान्य वसुली खात्यातील साहाय्यक निरीक्षक. नियंत्रणाचे दिवस होते आणि तांदूळ पॉलिश करण्यास राज्याच्या कायद्याने बंदी होती. एका गिरणीत तांदूळ पॉलिश करवून घेताना तो सापडला, अन्न अधिकाऱ्याने अहवाल दिला आणि त्याची नोकरी गेली. पुढे त्या अधिकाऱ्याच्या पाच वर्षांच्या मुलाचा खून झाला. सहआरोपी गुरुबचनसिंग याने सविस्तर कबुली दिली. तीत काश्मिरासिंगच सूत्रधार होता. खालच्या न्यायालयांनी त्याला फाशी सुनावली होती.

न्या. बोस यांनी जी पद्धत सांगितली ती फौजदारी वकिलांना पाठ असते. प्रथम कबुली संपूर्णपणे बाजूला ठेवावी आणि उरलेला पुरावा मांडावा. त्यावर विश्वास ठेवल्यास दोषसिद्धी होऊ शकते काय, हे पाहावे. होत असेल आणि न्यायाधीशाचे समाधान असेल, तर कबुलीची गरज नाही. पुरावा पुरेसा आहे, पण त्यावर एकट्यावर विसंबण्यास मन कचरते, असे असेल तर तेवढ्यापुरती कबुली मदतीस बोलवावी. या क्रमाने गोंदियाचा पुरावा पाहिल्यावर काश्मिरासिंगविरुद्ध प्रेताची विल्हेवाट लावण्यातला सहभाग तेवढा उरला. खून उरला नाही. फाशी रद्द होऊन पुरावा नाहीसा केल्याबद्दल सात वर्षांची सक्तमजुरी झाली. हेतू प्रबळ होता, कबुली तपशीलवार होती, आणि लोकांच्या मनात संशय उरला नसावा. तरीही न्यायालयाने हा क्रम मोडला नाही.

चौथा निकाल सातारचे न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांचा. १९६४ च्या फेब्रुवारीत, सरन्यायाधीशपद स्वीकारल्यानंतर दोनच दिवसांनी, हरिचरण कुर्मी खटल्यात त्यांनी घटनापीठाच्या वतीने बोस यांची पद्धत शिक्कामोर्तब केली. बिहारमधील दरोडा व खुनाच्या या खटल्यात उच्च न्यायालयाने सुरुवातच कबुलीपासून केली होती आणि मग तिला दुजोरा शोधला होता. ही सुरुवातच चुकीची, असे घटनापीठाने ठरविले. नैतिक खात्री किंवा दाट संशय यांना फौजदारी खटल्यात स्थान नाही, हेही न्यायालयाने बजावले आणि दोघे अपीलकर्ते मुक्त झाले. १९६४ नंतर या विषयावरचे सर्व विवेचन याच निकालाची टीका, उपटीका किंवा पळवाट आहे.

फसवणुकीत हा क्रम का अवघड जातो

खुनाच्या खटल्यात कबुली वजा केली तरी काही वस्तू उरतात : रक्ताचा डाग, दागिना, विहिरीतून निघालेले पोते, रिक्षा ओढणाऱ्याची साक्ष. त्या आरोपीपर्यंत पोचतात की नाही, हे कबुलीविनाही पाहता येते. फसवणुकीच्या खटल्यात उरतो तो कागद, आणि कागदाबद्दल वाद बहुधा नसतोच. धनादेश दिला गेला, कर्ज मंजूर झाले, सही आपली आहे, हे सारे आरोपी मान्य करतो. आपल्याला ठाऊक नव्हते, एवढेच त्याचे म्हणणे असते. 'अप्रामाणिकपणे' किंवा 'कपटाने' हे दंड संहितेचे शब्द मनाविषयीचे आहेत. मूल्यांकन फुगविलेले आहे हे शाखाधिकाऱ्याला माहीत होते काय, तारण म्हणून ठेवलेला दस्त खोटा आहे हे वकिलाला कळले होते काय, या प्रश्नांची उत्तरे वहीत नसतात. ती सहआरोपीच्या कबुलीत असतात : 'मी साहेबांना सांगितले होते आणि ते म्हणाले, पुढे पाठव.' या एका वाक्याने निष्पाप सही गुन्हेगारी सही होते.

म्हणजे येथे कबुली दुजोऱ्याचे काम करीत नाही. शाबीत करावयाची गोष्टच ती पुरविते. न्या. बोस यांच्या पद्धतीने ती बाजूला ठेवली की नियमित कामकाजाचा एक ढीग उरतो, आणि तो निर्दोषपणाशीही तितकाच सुसंगत असतो. अशा वेळी कबुली मदतीस बोलावण्याचा प्रश्नच येत नाही, कारण मदत करावी असा पुरेसा पुरावा मुळात नसतो. सत्र न्यायालयात हे सहसा लक्षात येत नाही. दोषारोपपत्राचे कथानकच कबुलीच्या ओळींवर बेतलेले असते. पंचवीस साक्षीदार आणि शेकडो निशाणी त्या कथानकात मणी ओवल्यासारखे बसतात, आणि दोरा कोणाचा आहे हे कोणी विचारीत नाही. तो विचार अपिलात होतो. अपील न्यायालयासमोर साक्षीदार नसतात, अभिलेख असतो. त्याला दोरा काढून मणी मोजता येतात. फसवणुकीच्या खटल्यात अपिलाला जे महत्त्व येते ते यामुळे.

आणखी एक अडचण कबुलीच्या रूपाची. खुनाची कबुली 'आम्ही मारले' अशी असते. फसवणुकीची कबुली बहुधा 'मी सही केली, पण वरून सांगितले म्हणून केली. त्यातले मला काही कळत नव्हते' अशी असते. हे बोलणे दुसऱ्याला गुंतविते आणि बोलणाऱ्याला सोडविते. तिसाव्या कलमाची तिसरी अट येथेच तुटते. स्वतःला निर्दोष ठरविणाऱ्या कथनाला कबुली म्हणता येत नाही, हे उच्च न्यायालयांनी एकोणिसाव्या शतकातच सांगितले होते. तरी कारकुनाचा जबाब साहेबाविरुद्ध वाचला जाण्याची सवय जुनी आहे आणि ती पुरती गेलेली नाही.

याच्या उलट टोकाचे उदाहरण रामकृष्ण दालमिया यांच्या १९६२ च्या अपिलात दिसते. भारत इन्शुरन्स कंपनीचे पैसे मुंबईतील बँकखात्यातून भगवती ट्रेडिंग कंपनी या नावाच्या मार्गाने भारत युनियन एजन्सीजकडे गेले आणि सट्ट्यातील तोटा भरण्यात संपले, असा आरोप होता. सप्टेंबर १९५५ मध्ये, हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, दालमिया यांनी दोन कोटी वीस लाख रुपयांच्या रोख्यांचा अपहार आपण केल्याचे लेखी दिले. या निवेदनाच्या ग्राह्यतेवर अपिलात मोठा वाद झाला. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट वेगळी आहे. निवेदन प्रथमपुरुषी एकवचनी होते. त्यात दुसऱ्या कोणाचे नाव नव्हते. सहआरोपींना बांधण्यास ते निरुपयोगी होते, आणि त्यांच्यापर्यंत पोचण्यासाठी वह्या, बदली नोंदी, पत्रव्यवहार आणि मुखत्यारपत्रे यांचाच मार्ग धरावा लागला. न्या. रघुबर दयाळ यांचे निकालपत्र त्यामुळे अवाढव्य आणि वाचावयास रुक्ष झाले आहे. पण फसवणुकीतील मन कागदावरून कसे वाचावे, याचा इतका धीराचा पाठ दुसरा सापडणे कठीण. बँकेतील जमा रक्कम ही न्यासभंगाच्या कलमातील 'मालमत्ता' होय, हे तत्त्व याच निकालाने दिले.

१९९८ च्या हवाला प्रकरणात प्रश्न आणखी खाली आला. जैन बंधूंच्या रोजनिशीतील नोंदी या कबुली होत्या काय? न्या. मुखर्जी आणि न्या. कुर्डूकर यांच्या पीठाने त्या फार तर कथन, म्हणजे स्वीकृती, मानल्या. स्वीकृती ही करणाऱ्यावरच उलटते. सहआरोपीकडे वळण्याची मुभा कबुलीलाच, तीही तिसाव्या कलमाच्या चौकटीत. ज्यांची आद्याक्षरे वहीत होती त्यांच्यापर्यंत ती वही पोचली नाही. निकालावर जनतेत नाराजी झाली, आणि ती अनाकलनीय नव्हती. परंतु दुसऱ्याच्या वहीत नाव सापडले म्हणून कोणालाही खटल्यास उभे करता आले असते, तर ती वही लिहिणाऱ्याच्या हाती किती मोठे शस्त्र गेले असते, याचाही विचार करावयास हवा.

पहारा टाळण्याचे मार्ग

या पहाऱ्याला बगल देण्याचे दोन मार्ग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झाले. पहिला मार्ग कबुली घेणाऱ्या अधिकाऱ्याचा. पोलिसांपुढील कबुली पंचविसाव्या कलमाने निषिद्ध. पण सीमाशुल्क अधिकारी पोलीस नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकात ठरविले. मुंबईच्या सोन्याच्या तस्करीतील हारून हाजी अब्दुल्ला खटल्यात अशाच जबाबांचा प्रश्न होता. न्या. हिदायतुल्ला, हेही नागपूरचे, यांनी जबाब ग्राह्य मानले, पण सहआरोपीविरुद्ध त्यांचे वजन तिसाव्या कलमापलीकडे जाऊ दिले नाही. दार बदलले तरी वजनाचा काटा तोच राहिला.

दुसरा मार्ग विशेष कायद्यांचा. १९९९ च्या महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याच्या अठराव्या कलमाने पोलीस अधीक्षक वा वरिष्ठ दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुली सहआरोपीविरुद्धही ग्राह्य केली. खटला एकत्र चालण्याची अट तेवढी ठेवली. हा कायदा टोळ्यांसाठी होता. पण त्याखालचा सर्वांत गाजलेला खटला बनावट मुद्रांकांचा, अब्दुल करीम तेलगी याचा ठरला, आणि फसवणुकीला टोळीयुद्धाचे पुरावाशास्त्र लागू झाले. २००७ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयात तेलगीने गुन्हा कबूल केला आणि त्याला तेरा वर्षांची सक्तमजुरी झाली. असा प्रसंग आला की जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. गुन्हा कबूल करून शिक्षा घेतलेला आरोपी इतरांबरोबर 'एकत्र' खटल्यात राहतो काय? राहत नसेल, तर तो दुसऱ्या उदाहरणातला 'ब' होतो आणि त्याचे बोलणे गळून पडते. त्याला साक्षीदार म्हणून बोलवावे, शपथ द्यावी, उलटतपासणी होऊ द्यावी, हा त्यावरचा सरळ उपाय आहे; पण तो अभियोक्त्यांना नेहमीच आवडत नाही.

आर्थिक गुन्ह्यांचे केंद्र पुढे धनशोधन प्रतिबंध कायद्याकडे सरकले. २००२ च्या या कायद्याच्या पन्नासाव्या कलमाखाली बोलाविलेल्या व्यक्तीवर सत्य सांगण्याचे बंधन असते. जबाब घेणारे अंमलबजावणी संचालनालयाचे अधिकारी पोलीस नव्हेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये दिला. त्यानंतर सहआरोपींचे जबाब हाच अनेक प्रकरणांचा कणा बनला. २८ ऑगस्ट २०२४ रोजी, रांचीतील जमिनीच्या बनावट दस्तांशी निगडित प्रकरणात, न्या. भूषण गवई आणि न्या. विश्वनाथन यांच्यापुढे जामिनाचे अपील होते. आरोपी एका प्रकरणात कोठडीत असताना त्याच तपासयंत्रणेने दुसऱ्या प्रकरणासाठी घेतलेला त्याचा स्वतःचा जबाब न्यायालयाने अग्राह्य मानला. सहआरोपीच्या जबाबाबद्दल हरिचरण कुर्मीपासूनचा नियम पन्नासाव्या कलमालाही लागू राहील, असे सांगितले : अभियोगपक्षाने त्या जबाबापासून सुरुवात करावयाची नाही. जामिनाच्या टप्प्यावर हे सांगितले जाणे महत्त्वाचे होते. या कायद्याखाली आरोपी दोषी नसल्याचे सकृद्दर्शनी समाधान झाल्याशिवाय जामीन मिळत नाही, आणि तेथे सहआरोपीचे कथन मोजले गेले तर खटला सुरू होण्यापूर्वीच वर्षे निघून जातात.

तिसावे कलम चोविसावे होते

१ जुलै २०२४ पासून १८७२ चा अधिनियम जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ अमलात आला. सहअपराध्याच्या साक्षीविषयीच्या कलमात एक लहानसा बदल झाला. दुजोरा नसतानाही तिच्यावर आधारलेली दोषसिद्धी अवैध नाही, असे जुने कलम म्हणत असे. नव्यात दुजोरा असलेल्या साक्षीचीच भाषा आहे. न्यायाधीशांची दक्षता येथे विधिमंडळाने स्वीकारली. सहआरोपीच्या कबुलीबाबत मात्र उलट झाले. जुने तिसावे कलम आता चोविसावे आहे. शब्द तेच आहेत आणि न्यायालयांनी घडविलेला क्रम त्यात लिहिलेला नाही. भर पडली ती दुसऱ्या स्पष्टीकरणाची : फरार झालेल्या किंवा उद्‌घोषणेस न जुमानणाऱ्या आरोपीच्या अनुपस्थितीत चाललेला खटला हा 'एकत्र' खटला समजला जाईल.

हे स्पष्टीकरण कोणाला गाठील, ते शिक्षेच्या आकड्यांवरून दिसते. नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे अनुपस्थितीतला खटला उद्‌घोषित अपराध्यावर चालतो, आणि तसे घोषित होण्यासाठी अपराध दहा वर्षे वा अधिक कैदेचा, जन्मठेपेचा किंवा फाशीचा असावा लागतो. साध्या ठकवणुकीची कमाल शिक्षा सात वर्षे. ती यात बसत नाही. बँक अधिकारी वा लोकसेवकाने केलेला न्यासभंग आणि मूल्यवान रोख्याचे बनावटीकरण यांना जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आहे. त्यांचे आरोपी बसू शकतात. एखादा आरोपी दंडाधिकाऱ्यापुढे कबुली देतो, भागीदारांची नावे सांगतो, जामिनावर सुटतो आणि परदेशी निघून जातो. आजवर त्याच्या जाण्याने त्याची कबुली इतरांपुरती मावळत असे. आता ती मागे उरते. ज्या धोक्याने त्याच्या शब्दाला शपथेचे मोल दिले होते, त्या धोक्यातून तो निसटलेला असतो. येथे राहिलेल्या भागीदारांना मात्र त्याचे बोलणे ऐकावे लागते.

नव्या अधिनियमाने दोन्ही जुनी उदाहरणे कायम ठेवली आहेत. 'क'चा खून अजून होतो आणि 'अ' अजून कबुली देतो. दुसऱ्या उदाहरणातला 'ब' एकत्र खटल्यात नाही म्हणून त्याचे बोलणे वगळावे, असे तेथे अजूनही छापलेले आहे. आणि तो का नाही, तो देशाबाहेर आहे काय, हे त्या उदाहरणात पूर्वीप्रमाणेच सांगितलेले नाही.